बापूजी हरी शिंद्यांचे घर

औरंगाबादेची लष्करी छावणी आणि बुलढाण्याची डिप्टी कमिशनरसाहेबांची कचेरी यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आज छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या कोणाच्या सहसा मनात येत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो संबंध इतका निकटचा होता की, एकीतल्या शिपायांचा पगार दुसरीच्या वसुलातून निघत असे. निजामाच्या खर्चाने उभी राहिलेली, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत वागणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद, एलिचपूर अशा ठाण्यांवर तैनात होती. तिचा खर्च थकला, थकबाकीवर व्याज चढले, कर्जाचा आकडा चाळीस लाखांच्या पलीकडे गेला आणि १८५३ च्या मे महिन्यातील तहान्वये वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दोआब हे मुलूख त्या फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारच्या हवाली करणे निजामास भाग पडले. धाराशिव आणि रायचूर हे १८६० साली परत आले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच. पुढे चारच वर्षांत, १८५७ च्या जून महिन्यात, ज्या फौजेपायी हा सुभा गहाण पडला तिचेच घोडदळ औरंगाबादेत बिथरले आणि त्या बंडाची किंमत स्वारांनी आपल्या प्राणांनी चुकती केली; काळ्या चबुतऱ्याची आठवण शहराने त्या निमित्ताने जपलेली आहे. गहाणखत मात्र त्यामुळे तसूभरही हलले नाही.

राजकारणाच्या या देवघेवीत एक सरहद्द निर्माण झाली. सिल्लोड, भोकरदन मागे टाकून धाडवरून अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावरील बुलढाण्यास जाणारा जो रस्ता आहे, त्यावर ना मोठी नदी आडवी येते, ना भाषा बदलते. सोयरीक, बाजार, जत्रा, वारी ही सारी दोन्हीकडची एकच. ज्या सिंदखेडच्या जाधवरावांची कन्या भोसल्यांच्या घरी आली, ते सिंदखेड या सरहद्दीच्या पलीकडे आणि भोसल्यांचे वेरूळ अलीकडे. तरीही १८५३ नंतर या दोन बाजूंचे नशीब भिन्न झाले. अलीकडे दिवाणी दफ्तर १८८० च्या दशकापर्यंत फारसीत चालले आणि पुढे उर्दूत. मराठी बोलणाऱ्या रयतेची भाषा कचेरीच्या पायरीखालीच राहिली. पलीकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर १८६१ पासून जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी सुरू झाली, तिचे कागद मराठीत तयार होऊ लागले आणि त्यांसाठी मराठी लिहिणारे व थोडीबहुत इंग्रजी जाणणारे कारकून हवे झाले. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मलकापूर, शेगाव, अकोला या वाटेने आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली आणि १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत नेलेल्या फाट्याचे उद्घाटन करावयास खुद्द लॉर्ड मेयो आले. औरंगाबादने आगगाडीचे तोंड पाहिले ते त्यानंतर तीस वर्षांनी, १९०० साली.

इंग्रजी अंमलाचे गोडवे गाण्याचा येथे उद्देश नाही. तो अंमल कापूस आणि जमाबंदी यांसाठी आला होता, स्त्रियांच्या लेखनासाठी नव्हे. परंतु कोणत्याही राज्याने स्वतःच्या सोयीसाठी उघडलेल्या दारातून त्याने न बोलावलेली माणसेही आत शिरतात, आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांचे चरित्र शोधू लागले म्हणजे पहिली वाट लागते ती अशाच एका दारापाशी, बुलढाण्याच्या महसुली कचेरीत.

या कचेरीत बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. जातीने मराठा, घरी शेतीभातीची परंपरा आणि हाती सरकारी लेखणी, असा हा योग त्या काळी सुलभ नव्हता. कारकुनी ही ब्राह्मण-प्रभूंची मिरास समजली जाई. हेडक्लार्क म्हणजे कचेरीच्या कागदांचा मोहरा. गावोगावच्या पाटील-पांड्यांचे मोडी अर्ज, तहसीलदारांच्या कैफियती, साहेबांचे इंग्रजी शेरे आणि त्या शेऱ्यांचे पुन्हा मराठीत उतरून खाली जाणारे हुकूम, हे सारे त्याच्या हातावरून जात असे. ज्या माणसाला दिवसभर दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचावे लागते आणि दोन्हींतील फोलपणा ओळखावा लागतो, त्याच्या ठायी एक प्रकारची कोरडी, परखड बुद्धी तयार होते. बापूजींच्या ठायी ती झाली असावी. १८७१ साली त्यांनी ‘हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज्’ या इंग्रजी नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. सुशिक्षित एतद्देशीयांना चार शब्द सुनावण्याची हौस त्या काळी पुष्कळांना होती. पण वऱ्हाडच्या डोंगरमाथ्यावर बसलेल्या एका मराठा कारकुनाने ते काम शिरावर घ्यावे, ही गोष्ट विशेष होय. दोनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि बापूजी हरी हे जोतीराव फुल्यांच्या त्या वर्तुळाशी जोडले गेले.

सुमारे १८५० साली जन्मलेल्या ताराबाई या बापूजींच्या एकुलत्या एक कन्या. त्यांच्या खेरीज घरात चार मुलगे होते. त्या भागात मुलींची शाळा नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्येच ती उघडली होती आणि तेथील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापूनही आला होता, पण पुणे ते बुलढाणा हे अंतर कोसांत मोजून भागत नसे. ताराबाईंना मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले ते वडिलांनीच. चार मुलांच्या जोडीने मुलीसही बसवून घ्यावे, तिला केवळ व्रतकहाण्या वाचण्यापुरते अक्षरज्ञान न देता तीन भाषा शिकवाव्यात, हे करण्यासाठी कोणत्याही सभेत ठराव मांडावा लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि भाऊबंदांची नाके मुरडलेली सहन करावी लागतात, आणि ते काम ठराव मांडण्याहून पुष्कळ कठीण असते. अव्वल इंग्रजीतील सुधारकांची यादी करताना सभांची इतिवृत्ते चाळणाऱ्या इतिहासकारांच्या हातून बापूजींसारखी माणसे सुटून जातात ती यामुळेच.

याहूनही महत्त्वाची गोष्ट बापूजींनी केली ती कन्येच्या विवाहाच्या वेळी. रूढीप्रमाणे विवाह लहान वयातच झाला. पण मुलीस सासरी धाडण्याऐवजी जावयासच घरी आणून ठेवले. घरजावई हा शब्द आपल्याकडे कौतुकाने उच्चारला जात नाही, आणि मराठा घराण्यांत तर तो पुरुषाच्या अब्रूला लागलेला डागच समजत. चार मुलगे असताना घरजावई करावयाचा, म्हणजे वंश चालविण्याची अडचण हे नेहमीचे कारणही येथे लागू पडत नाही. तेव्हा एकुलत्या एका लेकीस दृष्टीआड होऊ द्यावयाचे नाही, हाच त्यातील हेतू असला पाहिजे असे मला वाटते. या एका निर्णयाने ताराबाईंच्या आयुष्याचा सारा नकाशा बदलला. सासू, नणंदा, जावा, माजघरातील पाळती, चुलीपुढला सासुरवास, ज्याने आपल्या ओव्यांचा निम्मा संसार भरलेला आहे तो सारा, त्यांच्या वाट्यास आला नाही. ज्या माहेरास इतर स्त्रिया सणावारी चार दिवस जात आणि त्या चार दिवसांच्या आठवणींवर वर्ष काढीत, त्या माहेरी त्यांचा अवघा जन्म गेला. त्यांना अपत्य झाले नाही. मराठमोळ्याचा पडदा त्यांनाही चुकला नाही आणि आपल्या निबंधाच्या आरंभी त्यांनी त्याविषयी स्पष्ट तक्रार केलेली आहे. पण त्या पडद्याच्या आत त्यांच्यापाशी वाचावयास पुस्तके होती, वेळ होता आणि बाहेरच्या जगाची वार्ता आणणारा बाप होता.

आकाशातून अवचित वीज पडावी तसे ताराबाईंचे पुस्तक मराठीत प्रकट झाले, असे पुष्कळांनी लिहिले आहे. त्या वर्णनाने पुस्तकाचा गौरव होतो, परंतु घराचा हिशेब बुडतो. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे आगगाडीने मलकापुरास यावीत, तेथून राजूरचा घाट चढून बुलढाण्यास पोहोचावीत आणि कचेरीतून हेडक्लार्कच्या घरी जावीत, ही सारी साखळी जागच्या जागी होती म्हणूनच १८८१ साली सुरतेस घडलेल्या एका प्रकरणाचा आघात त्या घरापर्यंत येऊन पोहोचला.

ते प्रकरण असे. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेने लोकापवादाच्या भीतीने आपल्या नवजात अर्भकाचा अंत केला. सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली आणि मुंबईच्या हायकोर्टाने ती बदलून काळ्या पाण्याची केली. मुकदमा एवढाच, पण त्याच्या निमित्ताने पुणेरी वर्तमानपत्रांत, विशेषतः ‘पुणेवैभव’ पत्रात, स्त्रीजातीच्या चारित्र्याविषयी जे लिहिले गेले ते वाचून ताराबाईंच्या संतापाचा बांध फुटला. विजयालक्ष्मीस पुनर्विवाहाची बंदी होती. तिला त्या अवस्थेस आणणारा पुरुष कोठे होता, त्याचे नावही कोणी विचारले नाही. मग दोषाचा सारा भार एकटीच्या माथी कसा, हा त्यांचा प्रश्न होता. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्त्रिया आणि पुरुष यांत खरा साहसी कोण हे दाखवून देण्यासाठी आपण हा निबंध रचिला आहे, असे शीर्षकातच नमूद केलेले होते. तेथे साहस म्हणजे शौर्य नव्हे, अविचारी दुष्कृत्य. ज्या आरोपाखाली स्त्रियांना उभे केले जात होते, तोच आरोप फिर्यादीवर उलटविण्याची ही तऱ्हा कचेरीच्या सावलीत वाढलेल्या कन्येस शोभण्याजोगी आहे.

निबंधाची रचना खरोखरीच एखाद्या कैफियतीसारखी आहे. पुरुषांनी स्त्रियांवर ठेवलेले दोष एकेक करून समोर घ्यावयाचे, आणि मग हा दोष तुमच्या अंगी आमच्याहून किती अधिक आहे ते पाहा, असे म्हणत पुराणांतील दाखले, नित्याच्या व्यवहारातील उदाहरणे व बोलभाषेतील टोमणे यांचा भडिमार करावयाचा. देवाधर्माचीही तीत गय नाही. पतिव्रतांच्या कथा सांगून स्त्रियांना उपदेश करणाऱ्यांना त्या विचारतात की, सावित्री नवऱ्याचे प्राण परत आणण्यासाठी यमाच्या दरबारापर्यंत गेली. बायकोचे प्राण आणावयास त्या दरबारात जाणे तर राहोच, पण त्या वाटेवर चार पावले तरी टाकल्याचे कोणा पुरुषाविषयी कधी ऐकले आहे काय? वटपौर्णिमेस ज्या कथेचे पारायण घरोघर होत असे, तिच्यातील ही उघडी बाजू शेकडो वर्षांत कोणास दिसली नव्हती. तीच गोष्ट पुनर्विवाहाची. बायकोच्या मृत्यूनंतर दिवस उरकतात न उरकतात तोच नवऱ्याने दुसरी बोहल्यावर चढवावी आणि नवरा मेला तर बायकोने जन्मभर अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड लपवावे, यात तिचा अपराध कोणता? नवऱ्याचा जीव बायकोस जितका प्रिय, तितकाच स्वतःचा जीव तिला प्रिय असणार नाही काय?

या प्रश्नास वऱ्हाडात एक निराळी धार होती. कुणब्यांत विधवेचा पाट लागत असे आणि त्यात कोणास वावगे वाटत नसे. परंतु एखाद्या घराण्यास वतन मिळाले, देशमुखी आली, चार बिघ्यांची चाळीस बिघे जमीन झाली, की कुलीनतेच्या प्रतिष्ठेसाठी प्रथम बंद होई तो पाट. घराची अब्रू वाढे आणि तिची किंमत घरातील विधवा भरीत. पुनर्विवाहाचा निषेध हा केवळ ब्राह्मणांचा प्रश्न आहे, असे पुण्या-मुंबईच्या सुधारकांना बहुधा वाटे. तो वरून खाली उतरत मराठ्यांच्या कुलीन घराण्यांपर्यंत कसा झिरपला आहे, हे दाखविण्यास बुलढाण्याच्या मराठा घरातील स्त्रीच हवी होती. ताराबाईंची टीका एका जातीपुरती राहत नाही याचे कारण येथे आहे. ब्राह्मणांवर त्या कोरडे ओढतात, पण स्वजातीच्या पुरुषांना पाठीशी घालीत नाहीत. आणि इंग्रजी शिकून पोशाख बदललेल्या, सभांत सुधारणेवर टाळ्या घेऊन घरी जुनाच कारभार चालविणाऱ्या नव्या विद्वानांना तर त्यांनी सर्वांत अधिक झोडपले आहे. या ठिकाणी बापूजींच्या १८७१ च्या पुस्तकाचे शीर्षक सहज आठवते.

ताजे मराठी वाङ्मय ताराबाईंनी बारकाईने वाचलेले होते. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या त्या वेळी डोक्यावर घेतल्या गेलेल्या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, स्त्रियांच्या कपटाच्या कथा रंगवून सांगणारे ‘स्त्रीचरित्र’, या सर्वांचा त्या समाचार घेतात. स्त्री ही या पुस्तकांतून एक तर अशक्यप्राय सद्गुणी असते, नाही तर अट्टल कुलटा, आणि दोन्ही चित्रे पुरुषांनीच काढलेली. खऱ्या बायकांशी त्यांचा संबंध काय, असा त्यांचा आक्षेप आहे. मराठी कादंबरीवर स्त्रीने केलेली इतकी जुनी टीका दुसरी मला ठाऊक नाही, आणि आपल्या समीक्षेच्या इतिहासांतून तिला मिळालेली जागा फारच तोकडी आहे. भाषा पाहावी तर वाक्य एकदा सुटले की आवरत नाही. संस्कृत समासाच्या शेजारी चुलीपुढला शब्द येऊन बसतो, मध्येच पुरुषांना एकेरीत हाक मारली जाते, मध्येच देवाला. त्या गद्यावर शाळेचा हात फिरलेला नाही. चिपळूणकरी वळणाची घोटीव वाक्ये ज्यांच्या कानांत बसली होती त्यांना ते ओबडधोबड वाटले असल्यास नवल नाही. मला मात्र त्यातील धाप लागल्यासारखी गती हेच त्याचे सामर्थ्य वाटते.

पुस्तकाचे स्वागत कसे झाले, हे पाहू गेल्यास मन खिन्न होते. १८८२ याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. स्त्रियांनी उद्योगी, शुचिर्भूत आणि विद्यासंपन्न व्हावे असा सौम्य उपदेश करणारे ते पुस्तक सुधारकांना रुचले, त्याच्या उत्पन्नाचे साह्य होऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या आणि पुढे त्यांनी जे केले ते सर्वविश्रुत आहे. उपदेश स्त्रियांना करावयाचा असतो तेव्हा आश्रयदाते मिळतात. जाब पुरुषांना विचारावयाचा असतो तेव्हा नऊ आण्यांचे पुस्तकही महाग होते. ताराबाईंची खिल्ली उडविणारे सत्यशोधकांच्या गोटातही निघाले. त्यांना भर छापखान्यातून उत्तर दिले ते एकट्या जोतीरावांनी. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेने केला आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या स्वपक्षीयांची कानउघाडणी केली. पुरुष आपल्या दोषांचे वर्णन स्त्रीच्या तोंडून ऐकू शकत नाहीत म्हणून ही ओरड आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्यानंतर ताराबाईंनी काही प्रसिद्ध केले नाही. टीकेने त्या खचल्या असे म्हणण्याची प्रथा आहे. पण पुस्तकातील स्त्री इतक्या सहजी खचणारी दिसत नाही. बुलढाण्यास बसून पुण्याच्या छापखान्यात पुस्तक काढणे हे मुळातच एकटीच्या हातचे काम नव्हते. त्याला बापाची पदरमोड, बापाच्या ओळखी आणि बापाची पाठराखण लागे. तो आधार पुरेल तोवर लेखणी चालणार, हे उघड होते. रखमाबाईंचा खटला १८८४ पासून हायकोर्टात गाजला, संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली सारा महाराष्ट्र दुभंगला, आणि या दोन्ही प्रसंगी ज्या लेखणीची गरज होती ती बुलढाण्यात स्वस्थ पडून राहिली. १९०२ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांस कायमच्या पट्ट्याने दिले, पुढल्याच वर्षी ते मध्यप्रांतास जोडले गेले, आणि १९१० च्या सुमारास ताराबाईंचे देहावसान झाले.

सरहद्दीच्या या बाजूस, औरंगाबादेत, मराठी शिक्षणाचे मूळ धरणारी सरस्वती भुवन ही संस्था उभी राहिली ती १९१५ साली. म्हणजे ताराबाईंच्या पुस्तकानंतर तेहेतीस वर्षांनी. या शहरास विद्येची परंपरा नव्हती असे मुळीच नाही. वली आणि सिराज यांच्या काव्याने ते उत्तरेपर्यंत गाजले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मौलवी अब्दुल हक यांनी येथे राहून उर्दूसाठी जे काम केले त्यास तोड नाही. परंतु मराठी बोलणाऱ्या घरातील लेकीच्या हाती कागद यावा अशी सोय त्या परंपरेत नव्हती. बापूजी हरी डोंगराच्या या अंगास जन्मले असते, तर फार तर एखाद्या तालुक्याच्या दफ्तरात फारसी कागदांच्या नकला करणाऱ्या मुन्शीच्या हाताखाली राहिले असते, किंवा शेतीच पाहत बसले असते, आणि त्यांच्या लेकीचा संताप जात्यावरच्या ओवीत विरून गेला असता. किती घरांत तो तसा विरला असेल, याची मोजदाद कोणत्याही जमाबंदीत नाही.

पाचशे प्रतींपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच टिकल्या. प्राध्यापक स. गं. मालशे यांनी ताराबाईंचा आणि त्यांच्या घराण्याचा शोध घेऊन १९७५ साली, जागतिक महिला वर्षाच्या मुहूर्तावर, पुस्तकाचे पुनर्मुद्रण केले. चरित्राची जी थोडी सामग्री आज आपल्यापाशी आहे ती मुख्यतः त्यांच्या परिश्रमांचे फळ होय. १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर दीर्घ प्रस्तावनेसह निघाले, आणि विलास खोले यांनीही या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आता ताराबाईंचे नाव आहे आणि त्यांच्या परिचयाच्या पहिल्या परिच्छेदात, बहुधा एकाच वाक्यात, बुलढाण्याच्या हेडक्लार्कचे आणि त्यांच्या १८७१ च्या इंग्रजी नावाच्या पुस्तकाचेही. ताराबाईंच्या यजमानांचे नाव त्या परिच्छेदात येत नाही.